कडकट्ट आणि कान

२०१३ सालच्या १४ जुलैला, रविवारी, देशभरातल्या तारघरांत गर्दी झाली. ज्यांनी आयुष्यात कधी तार केली नव्हती अशी तरुण मुलंसुद्धा रांगेत उभी राहून आईवडिलांना, मित्रांना, स्वतःलाच शेवटची तार पाठवत होती. त्या रात्री भारतातली तारसेवा बंद झाली. पुढचे काही दिवस वर्तमानपत्रांत मृत्युलेखासारखे लेख आले आणि त्यांतल्या अनेकांत एक शब्द हटकून होता : कडकट्ट. आता ते कडकट्ट कायमचं थांबलं, अशा अर्थाची वाक्यं मी तेव्हा मराठीत वाचली आणि हिंदीतही.

पण त्या रात्री जे थांबलं ते कडकट्ट नव्हतंच. शेवटची काही वर्षं तारा संगणकावरून जात होत्या. काउंटरवरची बाई कळफलकावर मजकूर टाइप करी, दुसऱ्या गावी तो छापून निघे. त्याआधी टेलिप्रिंटर होते आणि त्यांची घरघर वेगळीच. मोर्सची किल्ली आणि तिच्या समोरचा तो ठोके देणारा साउंडर मोठ्या शहरांतल्या तारघरांतून फार आधी गेला होता, लहान गावच्या पोस्टांतून त्यानंतर हळूहळू गेला. तो गेला तेव्हा कोणी रांग लावली नाही. एखाद्या दुपारी यंत्र उचलून कपाटात ठेवलं असेल, आणि पोस्टमास्तरांनी जागेची पावती घेतली असेल, इतकंच.

हा तपशील नुसता खुसपट काढण्यासाठी सांगत नाही. जुन्या यंत्रांचे आवाज जतन करण्याचा नाद मला आहे, आणि त्या नादात सगळ्यात जास्त चकवा दिला तो याच आवाजाने.

असे आवाज साठवण्याचं काम जगात बऱ्याच ठिकाणी चाललेलं आहे. कॅनडातल्या रेमंड मरी शेफर या संगीतकाराने सत्तरच्या दशकात व्हँकूवरचे आवाज नोंदवायला घेतले आणि १९७७ मध्ये आपल्या पुस्तकात अशी मांडणी केली की गावाला जशा खुणेच्या इमारती असतात तसे खुणेचे आवाजही असतात. स्वीडनमधल्या नॉर्शपिंग इथल्या श्रमसंग्रहालयाने इतर देशांतल्या संग्रहालयांना बरोबर घेऊन कारखान्यांचे, हत्यारांचे, कचेऱ्यांचे शेकडो आवाज नोंदवून ठेवले आहेत. टाइपरायटर, चकतीचा फोन, शिवणयंत्र, पंचिंग मशीन असं पुष्कळ काही आता बटण दाबलं की ऐकता येतं. ऐकताना बरंही वाटतं. माझी तक्रार एवढीच, की या संग्रहांत सगळे आवाज एकाच मापाने मोजले जातात. टाइपरायटरची खटखट ही कामाच्या सोबतीने येणारी गोष्ट आहे. अक्षर कागदावर उमटतं, खटखट हवेत जाते. जात्याची घरघर ऐकून कोणी पीठ ओळखत नाही. तारायंत्राचं तसं नव्हतं. तिथे कागदावर काहीच उमटत नसे. जे होतं ते त्या ठोक्यांतच होतं, आणि ते ऐकणाऱ्या माणसाने लिहून घेतलं नाही तर तार आलीच नाही.

तारायंत्राचा शोध मात्र कानासाठी लागलेला नव्हता. सॅम्युएल मोर्सने २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टन ते बाल्टिमोर पहिली जाहीर तार पाठवली तेव्हा पलीकडे कागदाच्या पट्टीवर खुणा उमटत होत्या. यंत्र लिहील आणि माणूस वाचेल, अशी ती योजना. पण यंत्राजवळ दिवसभर बसणाऱ्या पोरांच्या लक्षात आलं की पट्टी पाहायची गरजच नाही. यंत्राच्या खटक्यांवरून मजकूर कळतो. तारकंपन्यांच्या साहेबांना हे मुळीच आवडलं नाही. कागद हा पुरावा, कानावर काय भरवसा? ठिकठिकाणी कानाने तार घ्यायला मनाई होती. पण कान पट्टीपेक्षा वेगवान निघाला आणि चुकाही कमी करू लागला. मग काही वर्षांत पट्टीच गेली आणि केवळ ठोके देण्यासाठी बनवलेलं यंत्र आलं, ते हे साउंडर. म्हणजे तंत्रज्ञांनी दिलेलं एक इंद्रिय कामगारांनी नाकारलं आणि स्वतःचं निवडलं. तारेच्या इतिहासात मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

आपल्याकडे तर इंद्रियांची ही फिरवाफिरव आणखी गमतीची झाली. विल्यम ओशॉनसी हा कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातला डॉक्टर. रसायनशास्त्र शिकवायचा, गांजाच्या औषधी गुणांवर लिहायचा, आणि १८३९ मध्ये त्याने कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या परिसरात मैलोगणती तार ताणून संदेश पाठवण्याचे प्रयोग केले. पलीकडचा माणूस ते संदेश घ्यायचा कसा? बोटाने. विजेचे बारीक झटके बोटांना जाणवायचे आणि घड्याळाच्या मेळाने त्यांचा अर्थ लावायचा. भारतातली तार अशी पहिल्यांदा कातडीवर वाचली गेली. पुढे डलहौसीच्या काळात, १८५१ मध्ये, कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी लाइन चालू झाली. तिथे ओशॉनसीच्या मदतीला शिवचंद्र नंदी नावाचे बंगाली गृहस्थ होते. या लाइनीवरचा पहिला संदेश पाठवणारे तेच, आणि पुढे पद्मा नदीतून कोळ्यांच्या होड्यांच्या मदतीने तार टाकणारेही तेच. या लाइनीवर ओशॉनसीने स्वतः रचलेलं स्वस्त सुईचं यंत्र होतं. सुई डावीकडे किंवा उजवीकडे झुके आणि माणूस डोळ्याने वाचे. १८५४ मध्ये कलकत्ता आणि आग्रा जोडले गेले, पाठोपाठ मुंबई आणि मद्रास. फेब्रुवारी १८५५ पासून तार सर्वांसाठी खुली झाली. ही सारी पहिली धावपळ जवळजवळ मुकी होती. मोर्सची पद्धत आपल्याकडे आली ती १८५७ च्या सुमारास, आणि कान कामाला लागले ते त्याच्याही नंतर.

मुंबईत तर एकाच शहरात दोन इंद्रियं शेजारी शेजारी नांदत होती. १८७० मध्ये समुद्राखालून केबल येऊन मुंबई एडन आणि सुएझमार्गे थेट इंग्लंडला, कॉर्नवॉलमधल्या पोर्थकर्नो या चिमुकल्या गावाला, जोडली गेली. हजारो मैल पाण्याखालून येणारा विजेचा प्रवाह इतका क्षीण असे की त्याला पितळी दांडी हलवण्याचं बळ नसायचं. म्हणून तिथे आरशावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका पाहत बसायचं, किंवा विल्यम टॉमसनच्या सायफन रेकॉर्डरने शाईची नागमोडी रेघ ओढायची आणि ती वाचायची. लंडनचे कापसाचे भाव मुंबईत न वाजता येत. आणि मग जमिनीवरच्या तारेने वऱ्हाडाकडे निघाले की वाजत जात.

आता प्रत्यक्ष तो आवाज. साउंडर म्हणजे लाकडी पाटावर बसवलेली विद्युतचुंबकाची दोन रिळं आणि त्यांवर एक पितळी दांडी. प्रवाह आला की चुंबक दांडीला खाली ओढतो आणि ती खालच्या थांब्यावर आपटते. प्रवाह तुटला की स्प्रिंग तिला वर फेकते आणि ती वरच्या थांब्यावर आपटते. हा दुसरा ठोका पहिल्यापेक्षा किंचित पातळ. मोर्समधला बिंदू असो की रेषा, ठोके दोनच. बिंदूत ते लागोपाठ येतात, रेषेत त्यांच्यामधलं अंतर तिप्पट असतं. म्हणजे खूण ठोक्यात नाही, दोन ठोक्यांच्या मधे आहे. अक्षराअक्षरांमध्ये तीन मात्रांची उसंत, शब्दांमध्ये सात. आपल्याकडच्या तबलजीला हे समजावून सांगावं लागणार नाही.

चित्रपटांत तारघर दाखवताना बऱ्याचदा पीं-पीं असा सूर वाजवतात. तो बिनतारी संदेशाचा, म्हणजे रेडिओचा आवाज. जहाजावर तो शोभतो. विदर्भातल्या किंवा बुंदेलखंडातल्या पोस्टात तो कधीच वाजला नाही. पण पडद्यावर इतक्या वेळा वाजला की आता नवीन पिढीच्या मनात तार म्हणजे पीं-पीं. मूळ आवाज भाषेतच काय तो उरला. मराठीत कडकट्ट म्हणतात, हिंदीभाषक टपालवाल्यांच्या तोंडी मी गरगट्ट ऐकलंय. दोन्ही शब्दांत दोन वेगळे ठोके आहेत आणि शेवट आघाताचा आहे, हे पाहण्यासारखं. ज्याने कोणी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला त्याचा कान चांगला होता.

आणि एक विचित्र योग. आवाज साठवण्याचं यंत्रच मुळात या ठोक्यांतून जन्मलं. थॉमस एडिसन पोरवयापासून तारमास्तर होता. त्याला कमी ऐकू येई, आणि तो सांगायचा की ते बरंच झालं, आजूबाजूचा गोंगाट ऐकू येत नाही, फक्त जवळचा साउंडर ऐकू येतो. पहिल्या दोन मुलांना तो लाडाने डॉट आणि डॅश म्हणे. १८७७ मध्ये तो तारेतले बिंदू आणि रेषा कागदावर दाबून उमटवायच्या आणि हव्या तेव्हा पुन्हा वाजवायच्या अशा यंत्राच्या खटपटीत होता. कागद जोरात फिरवला की त्यातून माणसाच्या बोलण्यासारखी गुणगुण यायची. त्यावरून त्याला बोलणंच साठवण्याची कल्पना सुचली आणि वर्षअखेर फोनोग्राफ तयार झाला. १९०२ मध्ये त्याच वंशातलं यंत्र घेऊन ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्याला आला आणि गौहर जान गायल्या. गाणी, भाषणं, नाटकांतली पदं, पक्ष्यांचे आवाज, सगळं साठवलं गेलं. ज्याच्यासाठी हा उद्योग सुरू झाला, तो ठोका मात्र कोणाला साठवण्यासारखा वाटला नाही. तो तर रोज वाजतच होता ना.

मी जबलपूरला राहतो. दूरसंचार खात्याचं मोठं प्रशिक्षण केंद्र इथे आहे, त्यामुळे या गावात निवृत्त तारवाले, टेलिफोनवाले जागोजाग भेटतात. आमच्या वसाहतीत असेच एक नव्वदीकडे झुकलेले मराठी गृहस्थ आहेत. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी मध्य प्रदेशातल्या लहानमोठ्या तारघरांत काढली. मी त्यांना काका म्हणतो. एका संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि निरनिराळ्या संग्रहांतून मिळवलेले 'तारायंत्राचे आवाज' एकेक करून लावले.

पहिला लावताच म्हणाले, ''ही वायरलेस. आमची नव्हे.''

दुसऱ्याला त्यांनी डोळे मिटले. आवाज झकास होता. पितळ, लाकूड, मोठ्या खोलीतली घुमी, सगळं. काकांनी हात पुढे करून पेन्सिल मागितली, चार-पाच अक्षरं लिहिली आणि पेन्सिल खाली ठेवली. ''अहो, हे काहीच नाही. कोणीतरी नुसती किल्ली बडवतंय.''

तिसऱ्याला मात्र त्यांचा हात चालू लागला. मी पाहत होतो. ठोका वाजायचा तेव्हा पेन्सिल तीन-चार शब्द मागचं काहीतरी लिहीत असायची. मी विचारलं, तर म्हणाले, ''कान पुढे चालतो, हात मागून येतो. अक्षराबरोबर अक्षर लिहायला गेलात तर मेलात.'' तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या, त्यांच्याशी साखरेबद्दल बोलणं झालं, आणि लिहिणं चालूच होतं. कागदावर इंग्रजी मुळाक्षरं आणि आकडे क्रमाने उतरले होते. कोण्या परदेशी शिकाऊ माणसाचा सराव असावा. ''हात कच्चा आहे पोराचा,'' एवढं म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे दिला.

हात हा त्यांचा शब्द. किल्ली दाबण्याची प्रत्येकाची लकब वेगळी, आणि तीवरून पलीकडे कोण बसलं आहे हे पहिल्या दोन शब्दांत कळायचं. ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत अशा माणसांना ते हातावरून ओळखत. साउंडरच्या मागे रिकामा डबा ठेवायची युक्तीही त्यांना ठाऊक होती. अमेरिकेतले तारवाले तंबाखूचा डबा ठेवत असं मी वाचलं होतं. काकांच्या तारघरात दुधाच्या पावडरीचा असे. डब्यामुळे ठोका मोठा होतो आणि प्रत्येक टेबलाचा स्वर निराळा होतो, मग खोलीत दहा यंत्रं वाजत असली तरी आपलं कोणतं ते कळतं. संग्रहालयातल्या काचेआड साउंडर दिसतो. डबा कुठेच दिसत नाही. तो सरकारी यादीत नव्हता.

भाषेचा प्रश्नही मी त्यांना विचारला, कारण मला त्याचं कुतूहल होतं. मोर्सची अक्षरं रोमन. देवनागरीत तार करण्याची सोय १९४९ मध्ये आली, आणि पुढे मद्रासच्या हिंदुस्थान टेलिप्रिंटर्सने देवनागरी टेलिप्रिंटरही बनवले. त्याआधी, आणि बऱ्याच ठिकाणी नंतरही, बंगाली, तमिळ, मराठी, गुजराती असं जे काही तारेतून गेलं ते त्या सव्वीस अक्षरांच्या चाळणीतून. काकांनी हसत उदाहरण दिलं : एम, ए, एल, ए. मला, माला, माळा की मळा? बाकीच्या वाक्यावरून घेणाऱ्याने ठरवायचं. म्हणून लोक इंग्रजीच पसंत करायचे, इंग्रजी येत नसलं तरी. 'मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली' हे वाक्य इंग्रजीचा गंधही नसलेल्या किती घरांत कळत होतं! पोस्टाचा माणूस दारात दिसताच बायका रडायला लागायच्या, आणि आत पोराला नोकरी लागल्याची बातमी असायची. घाईचं पत्र लिहिताना 'ही तार समजून निघून ये' असं लिहायची पद्धत होती. तारेचा धाक पत्राला उसना मिळायचा.

मग काका थोडे गप्प झाले आणि त्यांनी एक शब्द बोटाने टेबलावर वाजवून दाखवला. ई, एक्स, पी. ''इथपर्यंत दोन्ही सारखं,'' ते म्हणाले. ''फादर एक्स्पेक्टेड मंडे. फादर एक्स्पायर्ड मंडे. पुढचं अक्षर ई आलं तर बाप सोमवारी येतोय. आय आलं तर बाप सोमवारी गेला.''

मोर्समध्ये ई म्हणजे एक बिंदू, आय म्हणजे दोन. मी नंतर हिशेब केला. मिनिटाला वीस शब्दांच्या वेगाने बिंदूची एक मात्रा म्हणजे सेकंदाचा सुमारे सोळावा-सतरावा भाग. पहिला बिंदू पडून गेल्यावर एका मात्रेत दुसरा पडला तर एक घर कोसळलं. तीन मात्रा शांतता राहिली तर घरात गोडाधोडाची तयारी. त्या शांततेत काका किती वेळा बसले असतील ते त्यांनाही मोजता येणार नाही. आणि ज्याची तार आहे त्याच्या आधी हे गावात एकट्या त्यांना कळायचं. बोलायचं नाही, ही खात्याची शपथ. कधी ओळखीचं घर असायचं. कधी नुकतेच तिथे चहा पिऊन आलेले असायचे.

दुसरी ती ध्वनिफीत, जिच्यात नुसती किल्ली बडवलेली आहे, ती आजही त्या संग्रहात आहे आणि ऐकणारे तिच्याखाली आपल्या आठवणी सांगतात. आठवणी खऱ्याच असणार. पण तो आवाज म्हणजे कोणत्याच भाषेत नसलेल्या अक्षरांचं छानसं छापलेलं पुस्तक आहे. उलट मुळाक्षरांची ती कच्च्या हाताची फीत, खरखरीची, मागे कुत्रं भुंकणारी, तिच्यात अजून लेखन शिल्लक आहे. ध्वनी शुद्ध करण्याच्या सोयी आता फोनमध्येही आल्यात. टोकाचे ठोके बोथट करणारी, शांतता पुसून सपाट करणारी ती सोय तारेवर वापरणं म्हणजे पोथीवरची शाई धुऊन कागद स्वच्छ करणं. पातळ ठोका गेला तर बिंदू आणि रेषा एकच होऊन बसतात.

म्हणून मी गेल्या हिवाळ्यात काकांचं ध्वनिमुद्रण केलं ते निराळ्या रीतीने. साउंडर आणि किल्ली मुंबईच्या चोरबाजारातून आणली होती. रिळं तपासून, कोरड्या घटांवर चालवली. दुधाच्या पावडरीचा डबा काकूंनी दिला. दोन ध्वनिग्राहक लावले. एक यंत्रापाशी, एक काकांच्या तोंडापाशी. मी मजकूर आधी दाखवायचा नाही, दमोहचे त्यांचे जुने सहकारी, तेही ऐंशी ओलांडलेले, शेजारच्या खोलीतून तार देतील, आणि काका ऐकता ऐकता मोठ्याने वाचतील, असं ठरलं. बारा तारा झाल्या. लग्नाच्या शुभेच्छा, बदलीचा हुकूम, गव्हाचे भाव, आगाऊ रकमेची मागणी, एक रोमन अक्षरांतली मराठी आणि एक हिंदी. आवाज एका बाजूला आणि त्यापासून चार शब्द मागे काकांचा घोगरा, निर्विकार स्वर. बदलीच्या हुकमात त्यांनी एक गाव चुकीचं वाचलं आणि पलीकडून लगेच भिंतीवर थाप पडली.

एक्स्पेक्टेड आणि एक्स्पायर्डची जोडी फितीत हवी होती. पहिली तार पलीकडून आली. दुसरीच्या वेळी बराच वेळ काही वाजलं नाही. मी आत जाऊन पाहिलं तर पाहुणे किल्लीवरचा हात काढून बसले होते. ''घेतल्या पुष्कळ,'' ते म्हणाले, ''आणि दिल्याही. पण खोटी कधी दिली नाही.'' त्यांनी ती दिली नाही. काकांनीही आग्रह केला नाही.

फीत एकूण सत्तेचाळीस मिनिटांची आहे. तिच्यासोबत मी तारांचा मजकूर, यंत्राची, डब्याची आणि दोघांच्या हातांची छायाचित्रं, स्प्रिंगचा ताण, खोलीचं माप असं सगळं लिहून ठेवलंय. एकतिसाव्या मिनिटाला दोन मिनिटं दहा सेकंद काहीच वाजत नाही. मागे पंखा आणि शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. तो भाग मी कापलेला नाही.